मॅक्रो फोटोग्राफी : साहित्य आणि कृती

वस्तूची सेन्सरवर पडणारी प्रतिमा वस्तूएवढीच असली की तिला १:१ म्हणतात, आणि मॅक्रो फोटोग्राफीची हद्द शास्त्राप्रमाणे तिथून सुरू होते. प्रतिमा वस्तूच्या निम्मी, पाव किंवा दहावा हिस्सा असेल तर तो क्लोज-अप. व्यवहारात हा भेद कोणी पाळत नाही. जास्वंदीचे फूल हातभर अंतरावरून टिपणाराही स्वतःला मॅक्रोवाला म्हणवतो आणि त्याला अडवण्याचा अधिकार अजून कोणत्याही खात्याला दिलेला नाही. ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने दहा रुपयांचे नाणे घ्यावे. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असतो. नाणे वरून-खालून थोडे कापले गेले आणि दोन्ही बाजूंना जराशी जागा उरली, की १:१ झाले असे समजावे. छत्रपती संभाजीनगरात या नाण्यांचा तुटवडा नाही. ती चलनात असल्याचे रिझर्व्ह बँकेने वेळोवेळी जाहीर केले, तरी भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत अनेकांनी ती वर्षानुवर्षे नाकारली. त्यामुळे घरोघरी टेबलाच्या खणात ती साचून आहेत. मोजमापाला चालतात.

पुढचा सगळा विषय एका नियमात बसतो. वस्तूच्या जितके जवळ जावे तितके बाकी सगळे कमी होत जाते. प्रकाश कमी होतो, फोकसमध्ये राहणारी जाडी कमी होते, लेन्स आणि किडा यांच्यातली जागा कमी होते, बँकेतली शिल्लक कमी होते. वाढते ती फक्त सामानाची यादी. मेजर रॉबर्ट गिल याने अजिंठा-वेरूळच्या लेण्यांचे काढलेले फोटो १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाले. त्या काळी काचेच्या प्लेटा, रसायनांच्या बाटल्या आणि लाकडी कॅमेरा असा सगळा बारदाना डोंगरात वाहून न्यावा लागे. आज दीड इंचाचा नाकतोडा टिपायला निघालेल्या माणसाची सॅक वजनाला त्या बारदान्याच्या फारशी मागे नसते. फरक एवढाच, की गिलला अख्खी लेणी मिळाली.

सुरुवात फोनपासून करावी, कारण तो आधीच घेतलेला असतो. मधल्या काही वर्षांत स्वस्त फोनांच्या पाठीवर दोन मेगापिक्सेलचा वेगळा ‘मॅक्रो कॅमेरा’ बसवण्याची चाल होती. त्याचा मुख्य उपयोग खोक्यावर ‘चार कॅमेरे’ असे छापण्यासाठी झाला. महागड्या फोनांत अल्ट्रावाइड कॅमेराच दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत फोकस करतो आणि चित्र खरोखर चांगले येते. अडचण अशी, की इतक्या जवळ गेल्यावर फोनची सावली विषयावर पडते, आणि विषयाला पाय असतील तर तो निघून जातो. काही शे रुपयांत मिळणारी चिमट्याची लेन्स फोनवर लावली तर मधला भाग लख्ख आणि कडा विरघळलेल्या असे चित्र मिळते. किडा मधोमध बसायला तयार असेल तर तेवढे पुरते. याहून स्वस्त उपाय म्हणजे फोनच्या लेन्सवर पाण्याचा एक थेंब अलगद टेकवणे. तोही भिंगाचे काम करतो. त्यासाठी फक्त नळाला पाणी येण्याचा दिवस गाठावा लागतो.

लेन्स बदलता येणारा कॅमेरा घरात असेल तर पहिला खर्च क्लोज-अप फिल्टरचा. हा फिल्टर म्हणजे लेन्सपुढे आट्यांवर बसणारे भिंग. त्याच्यावर +१, +२, +४, +१० असे आकडे असतात. हे आकडे डायॉप्टरचे, म्हणजे चष्म्याच्या दुकानात चाळिशीसाठी जो नंबर काढून देतात त्याच मापाचे, त्यामुळे फिल्टर ही कॅमेऱ्याची चाळिशी झाली. हिशेब सोपा आहे. लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला, तर १००० ला नंबराने भागून येईल तितक्या मिलिमीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते. +२ ला अर्धा मीटर, +४ ला पाव मीटर, +१० ला दहा सेंटिमीटर. चारही भिंगे एका पाकिटात स्वस्तात मिळतात आणि चारही एकमेकांवर चढवता येतात. तसे केल्यावर मुंगीभोवती जांभळ्या-हिरव्या कडा उमटतात, त्यांना कला समजू नये. एकेरी काचेचा हा दोष आहे. दोन-तीन काचा जोडून केलेली भिंगे, उदाहरणार्थ रेनॉक्स कंपनीचे +८ चे डीसीआर-२५०, त्यातून बरेचसे सुटतात. टेलिफोटो झूमपुढे असे एक भिंग चिमट्याने बसवणे ही या विषयातली सर्वांत शहाणपणाची खरेदी आहे, म्हणूनच ती बहुधा शेवटी केली जाते.

दुसरा उपाय लेन्स उलटी लावण्याचा. रिव्हर्स रिंग नावाची एक कडी येते; तिच्या एका बाजूला फिल्टरचे आटे आणि दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याचा माउंट. ५० मिलिमीटरची साधी लेन्स या कडीने उलटी बसवली की फुल-फ्रेमवर जवळजवळ १:१ मिळते. २८ ची लेन्स उलटी लावली तर त्याच्या दुप्पट किंवा जास्त. इथे व्यवहारज्ञान उपयोगी पडत नाही : एरवी दूरचे जवळ आणायला मोठा आकडा लागतो, उलट्या लेन्सला लहान. कॅमेऱ्याबरोबर फुकट आलेली १८-५५, जी घेतल्या दिवसापासून सगळ्यांनी नावे ठेवून कपाटात टाकली, ती उलटी केल्यावर एकदम प्रतिष्ठेला चढते. मात्र उलटल्यावर तिचा कॅमेऱ्याशी बोलण्याचा संबंध संपतो. ऑटोफोकस नाही आणि अ‍ॅपर्चरही बदलत नाही. कॅननवाले यावर तोडगा म्हणून लेन्स सरळ असताना एफ ८ लावतात, डेप्थ-ऑफ-फील्ड प्रीव्ह्यूचे बटण दाबून धरतात आणि तशाच अवस्थेत लेन्स काढतात. पाती तिथेच अडकून राहतात. निकॉनच्या जुन्या लेन्सच्या मागे एक बारीक दांडी असते, ती कागदाची घडी किंवा काडीपेटीतली काडी खुपसून अडवतात. लाखभर रुपयांच्या यंत्रात काडी खुपसलेली पाहून घरच्यांना होणारा आनंद वेगळाच असतो. लेन्सचा नाजूक मागचा भाग आता जगाकडे तोंड करून असतो, आणि शहरातला कोणता ना कोणता रस्ता कायम खोदलेला असल्याने धुळीपासून त्याला जपावे लागते.

एक्स्टेंशन ट्यूब हा तिसरा मार्ग. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये ही पोकळ नळी बसते. आत काच नाही, काहीच नाही. गिऱ्हाईक मोजून पैसे देते ते मिलिमीटरांचे. १२, २० आणि ३६ मिलिमीटरचा संच सर्रास मिळतो. नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ म्हणजे मिळणारे मॅग्निफिकेशन. तिन्ही नळ्या मिळून ६८, तेव्हा ५० च्या लेन्सवर १:१ च्या पुढे मजल जाते. हे सूत्र पाठ करून काही लोक त्याच ६८ मिलिमीटरवर १८ ची वाइड लेन्स चढवतात. मग फोकसचे ठिकाण लेन्सच्या पुढच्या काचेच्या अलीकडे येते. म्हणजे फोटो काढायचा तर किडा लेन्सच्या आत बसलेला असावा लागतो. नळ्या घेताना पितळी टिकल्या असलेल्या घ्याव्यात, त्यातून कॅमेरा आणि लेन्स यांचे संभाषण चालू राहते. बिनटिकलीच्या नळ्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात आणि पुन्हा काडीपेटीकडे नेतात.

एवढे सगळे झाल्यावर, किंवा त्याआधीच, माणूस खऱ्या मॅक्रो लेन्सच्या चौकशीला बाहेर पडतो. तिची किंमत नव्या स्कूटरच्या घरात जाते. शहरातला कॅमेऱ्याचा धंदा लग्नसराईवर चालतो, त्यामुळे दुकानात ‘किड्यांसाठी लेन्स पाहिजे’ म्हटले की काउंटरमागचा माणूस क्षणभर थांबतो आणि नेहमीची ८५ पुढे करतो. मॅक्रोही तिथे असते, पण अंगठ्या, मेंदी आणि मंगळसूत्राच्या वाट्या टिपण्यासाठी. ९० ते १०५ मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सने माणसांचेही उत्तम फोटो निघतात, आणि घरात खरेदी मंजूर करून घेताना हाच मुद्दा मांडला जातो. लेन्स आल्यावर सगळे फोटो कोळ्यांचे असतात, ही बाब वेगळी. निवडीचा निकष फोकल लेंग्थ. १०० च्या लेन्सवर १:१ ला लेन्सच्या टोकापासून किड्यापर्यंत वीतभरापेक्षा कमी अंतर उरते, ६० वर त्याहूनही कमी. फुलपाखराला हा फरक कळतो. कॅननची एमपी-ई ६५ ही लेन्स १९९९ साली आली. ती एकपट ते पाचपट मोठे करते आणि त्याशिवाय काहीच करत नाही. तिच्यातून समोरचा माणूस दिसत नाही, त्याच्या कपाळावरचे तीळ दिसतात. नवशिक्याने ती घेऊ नये. पाहूही नये.

आता फोकसच्या जाडीविषयी, ज्यावर नवशिक्यांचे बहुतेक रविवार खर्च होतात. १:१ ला एफ ८ वर जवळपास एक मिलिमीटर जाडीचा पापुद्रा स्पष्ट येतो. त्याच्या पुढचे-मागचे सगळे धूसर. माणूस श्वास घेतो तेव्हा याहून जास्त हलतो. म्हणून इथे फोकसची रिंग फिरवत बसण्यात अर्थ नसतो. रिंग एका जागी ठेवायची, स्वतः पुढे-मागे डुलायचे आणि डोळा चमकला की बटण दाबायचे. पाहणाऱ्याला हे प्रथमदर्शनी अंगात आल्याचे लक्षण वाटते. अ‍ॅपर्चर एफ २२ पर्यंत बंद करून जाडी वाढवावी असे सगळ्यांनाच सुचते. पण १:१ ला लेन्सवरचा आकडा प्रत्यक्षात दुप्पट धरावा लागतो, एफ २२ चा खरा परिणाम एफ ४४ चा, आणि इतक्या बारीक भोकातून प्रकाश स्वतःच फाकतो. मग सगळेच सारखे धूसर येते. एफ ८ ते ११ च्या पलीकडे जाण्यापेक्षा कॅमेऱ्याची बाजू बदलणे बरे. पाच मिलिमीटरचा डास समोरून घेतला तर सोंडेचे टोक तेवढे स्पष्ट येते. बाजूने, सेन्सरला समांतर घेतला तर सोंडेपासून शेपटापर्यंत पूर्ण.

हाच दुपटीचा हिशेब प्रकाशालाही लागतो : १:१ ला सेन्सरपर्यंत चौथाई उजेड पोचतो. मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, भर दुपारी सिडकोतल्या गच्चीवर उभे राहून ‘उजेड कमी पडतोय’ असे म्हणणारी शहरातली एकमेव जमात ही. म्हणून फ्लॅश लागतो. कमी ताकदीवर त्याची लकाकी हजारांश सेकंदापेक्षाही थोडा वेळ टिकते, त्यामुळे हाताचे आणि किड्याचे दोघांचेही थरथरणे गोठते. नुसता फ्लॅश मारला तर मुंगळ्याच्या पाठीवर पांढरा डाग आणि मागे काळाकुट्ट अंधार येतो. तेव्हा डिफ्यूझर. बाजारात तो तयार मिळतो, पण सगळेजण पहिला स्वतः बनवतात. बटर पेपर, औरंगपुऱ्यातल्या स्टेशनरीच्या दुकानातला ट्रेसिंग पेपर, मिठाईच्या डब्याचे दुधी झाकण, रबरबँड आणि सेलोटेप. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिक-थर्माकोलबंदी आली, तरी जुन्या गणपतीच्या मखराचा एखादा तुकडा माळ्यावर असतोच. त्याचा रिफ्लेक्टर उत्तम होतो. डिफ्यूझर किड्याच्या मानाने जितका मोठा आणि जितका जवळ, तितका प्रकाश मऊ. तळहाताएवढा कागद मुंगीच्या हिशेबाने अख्खे ढगाळ आभाळ आहे. गोल रिंग फ्लॅश दिसायला रुबाबदार असतो आणि त्याने काढलेला प्रत्येक किडा आधार कार्डावरचा वाटतो. तो दातांच्या डॉक्टरांसाठी ठेवावा.

ट्रायपॉड घ्यावा, पण किड्यांसाठी त्याचा भरवसा धरू नये. तीन पाय उघडून, लांबी जुळवून, आटे आवळून होईपर्यंत सहा पायांचे जनावर थांबत नाही. नाणी, फुले, कापड यांना तो लागतो. ट्रायपॉडवर फोकसिंग रेल बसवून कॅमेरा मिलिमीटरच्या हिश्श्याने पुढे सरकवत वीस-तीस फोटो घ्यायचे आणि हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर यांसारख्या प्रोग्रॅममध्ये ते एकत्र करायचे, याला स्टॅकिंग म्हणतात. त्यात मॉडेलने पूर्णवेळ स्तब्ध राहणे गृहीत आहे. यासाठी किड्याला डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला काहीजण देतात. ही गोष्ट किड्याच्या बाजूने क्रूर आणि कोथिंबिरीच्या बाजूने आक्षेपार्ह आहे. त्यापेक्षा थंडीत पहाटे निघावे. दव पडलेले असते, टाचणी आणि चतुर गवताच्या काडीला धरून गारठलेले असतात आणि ऊन अंगावर येईपर्यंत हलत नाहीत. वाऱ्याने काडी हलत असेल तर कपड्यांचा चिमटा जाड तारेला बांधून तिला धरावे. दुकानात याच वस्तूला इंग्रजी नाव आणि चार आकडी किंमत आहे.

सराव मात्र न पळणाऱ्या वस्तूंवर करावा, आणि या जिल्ह्यात त्या भरपूर आहेत. नाण्यांपासून सुरुवात होते. पैठण ही सातवाहनांची राजधानी, आणि छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, मुघल टांकसाळीच्या नाण्यांवर शहराचे ‘खुजिस्ता बुनियाद’ हे बिरुद फारसीत उमटलेले आहे. प्रकाश एका बाजूने तिरपा सोडला की झिजलेली अक्षरे उठून दिसतात. चकचकीत नाण्यासाठी लेन्स आणि नाणे यांच्यामध्ये साधी काच ४५ अंशांत तिरकी धरतात आणि दिवा बाजूने त्या काचेवर टाकतात. प्रकाश परावर्तित होऊन सरळ खाली नाण्यावर उतरतो आणि लेन्स काचेतून आरपार पाहते. फोटोफ्रेमची काच यासाठी पुरते. फ्रेममधले आजोबा तात्पुरते वहीत ठेवावेत.

त्याहून सरस विषय कापडाचा. हिमरूचे विणकर महंमद तुघलकाने दौलताबादला राजधानी हलवली तेव्हा आले असे मानतात. सूत आणि रेशीम यांच्या या विणीत नक्षीचे जादा धागे कापडाच्या मागून सैल वाहत जातात, तो गुंता मॅक्रोखाली पाहण्यासारखा असतो. हातमागाच्या पैठणीची गोष्ट उलट आहे. तिच्या पदरावरचा मोर प्रत्येक रंगाच्या वेगळ्या धाग्याने, शेजारच्या धाग्यात अडकवत विणलेला असतो. म्हणून पदर उलटला तरी मोर तसाच दिसतो, फक्त त्याने तोंड फिरवलेले असते. यंत्रमागाच्या नकलेत मागच्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत धागे लोंबतात किंवा कातरलेली टोके दिसतात. जरीची तार, तिच्या आतले रेशीम, मोराच्या डोळ्यातला एकुलता एक लाल टाका, हे सगळे १:१ ला स्वच्छ येते. अडचण तंत्राची नाही. लग्नघरात कॅमेरा घेऊन बसलेल्या भाच्याला मावशी हौसेने म्हणते, “बघ रे तुझ्या त्या भिंगातून, असली आहे, पंचवीस हजाराची.” भाचा पदर उलटतो, फोकस लावतो आणि स्क्रीन मोठी करून सगळ्यांना दाखवतो. असली तपासणी वरात निघाल्यावर करावी, म्हणजे निदान जेवण झालेले असते.

जिवंत विषयांसाठी घराबाहेर पडण्याचीही गरज नाही. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, म्हणून घरोघरी ड्रम भरून ठेवतात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असेच स्वच्छ साठवलेले पाणी अंडी घालायला लागते, आणि उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. दोन्ही वेळापत्रके कोणी ठरवून जुळवली असती तरी इतकी जुळली नसती. आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते. नळाने स्वतःच बरेच कोरडे दिवस पाळलेले असल्याने ड्रममधले पाणी ओतून देण्याचा धीर कोणाला होत नाही. यातल्या चार अळ्या चपट्या काचेच्या भांड्यात घ्याव्यात, मागे पांढरा कागद लावावा आणि प्रकाश बाजूने सोडावा. एडिसची अळी डोके खाली करून पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटाजवळच्या नळीने लटकते आणि तिथूनच श्वास घेते; हिवतापाच्या अ‍ॅनॉफिलिसची अळी पृष्ठभागाला समांतर पडून राहते. सावली पडताच सगळ्या वळवळत तळाशी जातात आणि दम संपला की एकेक करून वर येतात, त्यामुळे फोकस आधीच पृष्ठभागावर लावून बसायचे. मोठ्या डासाच्या पायांवरचे पांढरे पट्टे टिपायचे असतील तर तो दिवसा चावतो हे ध्यानात ठेवावे. छायाचित्रकाराचे दोन्ही हात कॅमेऱ्यावर असतात, त्यामुळे मॉडेलची जेवणाची सोय आपोआप होते. काम झाल्यावर अळ्या कोरड्या मातीवर ओताव्यात आणि ड्रमला झाकण घालावे. फोटो चांगले आले म्हणून पैदास चालू ठेवणे बरोबर नव्हे.

कुंडीतला कढीपत्ता हा पुढचा स्टुडिओ. मोसंबी-लिंबाच्या बागांत त्रास देणारे लिंबावरचे काळे-पिवळे फुलपाखरू कढीपत्त्यावरही अंडी घालते. त्याची लहान अळी हुबेहूब पक्ष्याची विष्ठा दिसते : काळपट तपकिरी, मध्ये पांढरा ठिपका. पक्षी तिला टाळतात, माणसेही टाळतात, फक्त मॅक्रोवाले पाटावर बसून तिच्यापाशी तासभर घालवतात. मोठी झाली की ती हिरवीगार होते, आणि काडीने डिवचले तर मानेमागून नारिंगी रंगाची दुबेळकी शिंगे बाहेर काढते. सोबत उग्र वास. हा क्षण साधायला फ्लॅश चार्ज असावा लागतो, आणि घरात कढी-पोह्यांचा बेत नसावा लागतो. “अहो, त्या अळीचं आटोपलं असेल तर फोडणीला चार पानं ठेवा,” असे आतून ऐकू येईपर्यंत रोपट्याच्या काड्या उरलेल्या असतात.

पहिला पाऊस पडला की मृगाचा किडा निघतो. हा लाल मखमली जीव खरे तर किडा नाही. त्याला आठ पाय आहेत, म्हणजे तो कोळ्याच्या नात्यातला. चारसहा दिवस जमिनीवर फिरतो आणि दिसेनासा होतो. त्याचा रंग कॅमेऱ्याला सोसत नाही. लाल रंग आधी भरून वाहतो आणि मखमलीच्या जागी लाल डांबर दिसते, म्हणून एक्स्पोजर एखादा स्टॉप खाली ओढावे. गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याशी हे काम करताना पोटावर झोपावे लागते. सकाळी फिरायला येणारी मंडळी आधी लांबून थबकतात, मग जवळ येतात. “काय हुडकू राहिले भाऊ?” हा पहिला प्रश्न. “क्या गिरा?” हा दुसरा. किडा दाखवला तर दोघेही वाकून पाहतात, एकमेकांकडे पाहतात आणि पुढे चालू लागतात. थोड्या अंतरावर गेल्यावर त्यांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा होतो. पॅन्टचे गुडघे लाल मातीचे असल्याने घरीही वेगळा खुलासा करावा लागत नाही.

जिल्ह्यातले सर्वांत जास्त क्लोज-अप मात्र हौशी लोक काढत नाहीत. ते शेतकरी काढतात. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने राज्यातली कपाशी धुऊन नेली, तेव्हापासून फुलाच्या पाकळ्या आतून शिवल्यासारख्या मिटल्या, म्हणजे डोमकळी दिसली, की फोन बाहेर निघतो आणि फोटो कृषी सहायकाकडे किंवा कृषी सेवा केंद्रवाल्याकडे रवाना होतो. त्या फोटोत बहुधा धरणाऱ्याचा अंगठा रेषारेषांसह अप्रतिम फोकसमध्ये असतो. त्यावर ज्योतिष सांगता येईल, कीड सांगता येत नाही. तिकडून “फोटो नीट पाठवा” असा निरोप येतो, तोवर शेजारच्याने स्वतःचे औषध सुचवलेले असते. पांढरी माशी आणि फुलकिडे मिलिमीटरभराचे, ते पानाच्या खालच्या बाजूला. इथे क्लिपची स्वस्त लेन्स लाखाच्या लेन्सपेक्षा जास्त कमावते. पान तोडून पांढऱ्या कागदावर उलटे ठेवावे, स्वतःची सावली बाजूला घ्यावी, फोन पेल्यावर टेकवावा, स्क्रीनवर किडीला बोट लावून फोकस करावा आणि आकार कळण्यासाठी शेजारी मोजपट्टी ठेवावी. एवढ्याने फवारणीचा एक खर्च वाचू शकतो, आणि सगळ्या मॅक्रो फोटोग्राफीत पैसे परत येण्याची ही एकच नोंद आहे.

नियमांचे थोडक्यात. अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश मारायला मनाई आहे, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूंत ट्रायपॉडला परवानगी लागते, आणि बीबी का मकबऱ्याच्या भिंतीवरची मुंगी टिपायची म्हटली तरी रखवालदाराला ट्रायपॉड तो ट्रायपॉडच दिसतो. गौताळा अभयारण्यात दगड उलटे करून विंचू शोधू नयेत. शोधलाच तर दगड पुन्हा होता तसा ठेवावा, खाली राहणाऱ्यांसाठी आणि उचलणाऱ्याच्या बोटांसाठीही.

राहिली साठवण. मराठवाड्याची हवा वर्षातले आठ महिने इतकी कोरडी असते की बुरशीचा विचार मनात येत नाही, आणि नेमक्या उरलेल्या चार महिन्यांत कॅमेरा बंद बॅगेत पडून असतो. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसू लागले तर ती बुरशी. मॅक्रोसाठी हा विषयही चांगला आहे, फक्त दुसरी लेन्स लागते. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि लहानसा आर्द्रतामापक एवढ्याने भागते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावा. डबा घरातलाच चालतो, पापड-कुरडयांचा असेल तर आधी विचारून घ्यावा. निळे सिलिका जेल ओल शोषून गुलाबी झाले की मंद आचेवर परतून पुन्हा निळे करता येते. तो निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि ते पोटात जाणे घातक आहे, म्हणून त्यासाठी स्वयंपाकाची कढई वापरू नये. जुनी एखादी वेगळी काढावी आणि तिच्यावर ठळक अक्षरांत तसे लिहून ठेवावे.